निव्वळ वजन

शिवकन्येनं विचारलं, अप्पा, पाचशे सीसी घेऊ का सातशे?
मी मानवतच्या जिनिंगवर, वजनकाट्याच्या खिडकीत.
बाहेर कापसाच्या अकरा गाड्या रांगेत,
आणि तिच्या दारात, कॅनडात,
साडेअकरा तास मागच्या सकाळी
मांडीइतका बर्फ.

चार जाड चाकांची मोटरसायकल असते म्हणे,
पुढं लोखंडी पातं लावायचं
आणि घरापासून सडकेपर्यंतची वाट उघडायची.
वाट केवढी? दीडशे फूट.
दीडशे फुटांत आमच्याकडं
दोन भाऊ वेगळे राहतात.

मला यातलं काय कळतं. मला वजन कळतं.
म्हणून फोन घेऊन गेलो खाजा मिस्त्रीकडं.
यार्डातला ट्रॅक्टर तोच चालवतो, तोच खोलतो,
दिवसभर पात्यानं कापूस लोटत असतो
ढिगाच्या पोटापर्यंत.
त्यानं पहिलं विचारलं,
"बेटा, बर्फ कोरडा का वला?"

ती म्हणाली, आत्ता ओला, जानेवारीत पिठासारखा.
खाजानं मान हलवली,
उभा जन्म बर्फात काढल्यासारखी.
त्यानं बर्फ पाहिलाय रसवंतीवर, भुश्शात गुंडाळलेला,
आणि एकदा गारपिटीत,
पत्र्याला भोकं पाडून घरात आलेला.

"मग सीसीच्या नादाला लागू नको.
जोर इंजिनात कमी, टायरच्या पकडीत जास्त.
चारी चाकं वढणारी घे. मागं वाळूची दोन पोती बांध.
टायरला साखळ्या. साठ इंची पातं बस झालं,
लई रुंद घेतलंस
तर पातंच तुला ढकलंल."

दोन दाखवल्या तिनं.
एक नवी, मुठी गरम होणारी, हप्त्यावर.
दुसरी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची,
लाल रंग उडालेली, पातं आणि विंचसकट.
म्हाताऱ्याच्या अंगणात उभी राहून ती बोलत होती,
उणे सत्तावीस.
"पट्ट्याचं झाकण उघड. वास घे. जळक्या रबराचा येतो का?"
हातमोजा काढून, वाकून, तिनं वास घेतला.
नाही येत, चाचा.
"येत नाही, का थंडीनं नाकच चालंना?"
तिचे दात दिसले. पुढचा एक अजून वाकडाच आहे.

"हीच घे. लो मधी चालव, हाय मधी पट्टा जाईल.
आन् ऐक, पहिला ढीग लांब नेऊन टाक.
कापसाचं बी तसंच.
दिवाळीला फाटकातच वतला
तर संक्रांतीला गाडी आत यायला जागा नाही.
सीझन लांब असतो."

रात्री रजिस्टर भरत बसलो.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, निव्वळ.
हाताला सवय.
सव्वीस मिनिटांचा फोन.
त्यातून गाडी वजा केली, पातं, पट्टा, विंच,
वाळूची पोतीसुद्धा.
उरलं:
आईच्या गोळ्या आणल्या का? आणल्या.
तू एकटीच चालवणार? हो.
खाजाचे त्या वाकड्या दाताबद्दलचे दोन शब्द
कुठल्या रकान्यात लिहू, कळलं नाही.

रविवारी व्हिडिओ आला.
पांढऱ्यातून डांबराचा काळा पट्टा निघत होता,
पाळी घातल्यावर रान निघावं तसा.
खाजानं आधी डोळे मिटून नुसता ऐकला.
"लो मधीच आहे," म्हणाला. "साखळ्या जरा ढिल्या हायेत.
ढीग कुठं टाकला?"

पुन्हा लावला. पुन्हा लावला.
ती, तिची टोपी, वाफ, पात्याची कड.
ढीग कुठंच दिसेना.
"मंजे लांब टाकला," खाजा म्हणाला,
आणि हात पुसत ट्रॅक्टरवर चढला.

बारावी गाडी हॉर्न वाजवत होती.
मी खिडकीची काच सरकवली.
कापसाची तूस आत आली, बाहीवर बसली.